आयर्लंडमध्ये मुलाला दुखापत झाल्यास: नव्याने आलेल्या पालकांसाठी मार्गदर्शन

आयर्लंडमध्ये अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती कायद्याने अज्ञान मानली जाते आणि तिला दुखापतीच्या भरपाईचा दावा स्वतःच्या सहीने लावता येत नाही; तरीही तो दावा तिचाच असतो, आईवडिलांचा नव्हे. पुढची जवळजवळ सगळी प्रक्रिया या एका भेदातून ठरते. दाव्याची मुदत मुलाच्या वयावरून मोजली जाते, तडजोड झाली तरी न्यायाधीशांच्या मान्यतेशिवाय ती पक्की होत नाही आणि मिळालेली रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत न्यायालयाच्या ताब्यात राहते. नोकरीनिमित्त डब्लिन, कॉर्क किंवा लिमरिकला नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबांना यातले फारसे काही ठाऊक नसते आणि ठाऊक होईपर्यंत पहिले महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात, म्हणून हा लेख त्या आठवड्यांपासून सुरू करतो.

त्याआधी एका संकोचाविषयी लिहिणे आवश्यक आहे. आपण परक्या देशात आलो आहोत, व्हिसावर आहोत, शाळेशी वाकडे कशाला घ्यायचे, असा विचार आपल्याकडचे पालक हमखास करतात. दुखापतीच्या दाव्यासाठी आयरिश नागरिकत्व लागत नाही आणि दावा लावणे हा वर्क परमिटच्या दृष्टीने दोष ठरत नाही. शाळा, पाळणाघर, दुकान किंवा मोटारचालक यांच्या वतीने भरपाई बहुतांशी विमा कंपनी देते. वर्गशिक्षिकेच्या खिशातून पैसे जात नाहीत. मात्र मूल पडले म्हणजे कोणीतरी दोषी असलेच पाहिजे, असेही हा कायदा मानत नाही. समोरच्याने घ्यायला हवी होती ती वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवावे लागते.

पहिले काही आठवडे

सर्वप्रथम उपचार, आणि तेही कागदावर नोंद होईल अशा ठिकाणी. तातडीच्या प्रसंगी ११२ किंवा ९९९ हा क्रमांक लावावा. एरवी जीपीकडे म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरला व्हिडिओ कॉलवर जखम दाखवून घरीच औषध देण्याची आपली सवय इथे महागात पडू शकते, कारण त्या दिवशी काय दुखत होते आणि कशामुळे, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे पहिल्या तपासणीची नोंद असते. डॉक्टरांना अपघात कसा झाला ते नीट, न वाढवता आणि न लपवता सांगावे.

त्यानंतर जागेचे आणि जखमेचे फोटो काढावेत. खेळाच्या मैदानातला तुटलेला पाळणा किंवा दुकानातली ओली फरशी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली असते, आणि ते योग्यही आहे, पण पुरावा त्याबरोबर जातो. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक ठिकाणी थोड्या आठवड्यांत पुसले जाते. म्हणून तारीख, वेळ आणि जागा लिहून चित्रण जपून ठेवण्याची विनंती ईमेलने ताबडतोब पाठवावी. आपल्या आणि मुलाच्या वैयक्तिक माहितीची प्रत मागण्याचा हक्क युरोपीय डेटा संरक्षण नियमांनी दिलेला आहे आणि अशा मागणीला साधारणतः एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. रुग्णालयातले कागदही याच मार्गाने मिळतात.

शाळेत किंवा क्रेशमध्ये म्हणजे पाळणाघरात अपघात झाला असेल तर अपघाताची नोंद केली का हे विचारून तिची प्रत मागावी. रस्त्यावर झाला असेल तर गार्डा म्हणजे पोलिसांकडे नोंद करावी आणि वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, विम्याचा तपशील टिपून घ्यावा. गाडीचा विमा नसेल किंवा धडक देऊन चालक पळून गेला असेल, तरी मोटर इन्शुरर्स ब्युरो ऑफ आयर्लंड या संस्थेकडे दावा करता येतो. विमाच नाही तर काय मिळणार, असे समजून फाइल बंद करू नये. जीपीची फी, औषधे, टॅक्सी, फिजिओथेरपी, फुटलेला चष्मा यांच्या पावत्या एका पाकिटात साठवाव्यात. प्रत्यक्ष झालेला खर्च वेदनेच्या भरपाईपासून वेगळा मोजला जातो आणि पावती नसलेला खर्च मान्य होणे कठीण जाते.

शाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेवण्याजोगी आहे. वर्षाच्या सुरुवातीला अनेक शाळा पालकांना विद्यार्थी अपघात विमा घेण्याविषयी विचारतात. त्याचा हप्ता लहान असतो आणि त्यातून दंतोपचार किंवा औषधोपचाराचा खर्च कोणाचाही दोष सिद्ध न करता मिळतो. हा विमा आणि नुकसानभरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि किरकोळ इजेला पहिली वाट पुष्कळदा पुरेशी ठरते.

जबाबदार कोण, हे ठरवताना

दावा योग्य पक्षाविरुद्ध, त्याच्या अचूक कायदेशीर नावाने लावावा लागतो. प्राथमिक शाळेत तो पक्ष बहुधा शाळेचे बोर्ड ऑफ मॅनेजमेंट म्हणजे व्यवस्थापन मंडळ असतो, सार्वजनिक बागेत काउंटी किंवा सिटी काउन्सिल, तर भाड्याच्या घराच्या आवारात घरमालक किंवा व्यवस्थापन कंपनी. शाळेकडून अपेक्षा असते ती काळजी घेणाऱ्या, समंजस पालकाने घेतली असती तेवढ्या दक्षतेची. मधल्या सुट्टीत धावताना दोन मुले एकमेकांवर आदळली तर शाळा सहसा जबाबदार ठरत नाही; पण जिथे देखरेख असायला हवी होती तिथे ती नव्हती आणि त्यामुळेच प्रसंग ओढवला, तर चित्र बदलते.

कुत्र्याने चावा घेतल्यास कायदा पालकांच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. १९८६ च्या कंट्रोल ऑफ डॉग्ज कायद्यानुसार कुत्र्याने माणसावर हल्ला करून केलेल्या इजेची जबाबदारी मालकावर येते आणि तो कुत्रा पूर्वी कोणाला चावला होता हे सिद्ध करावे लागत नाही. याउलट फुटक्या पदपथावर मूल पडले तर वाट अवघड आहे. रस्त्याची नुसती दुरुस्ती केली नाही म्हणून काउन्सिल जबाबदार ठरत नाही. केलेले काम चुकीचे किंवा धोकादायक झाले असेल तरच ती जबाबदार ठरते. बहुतेक नवागतांना हे अन्यायाचे वाटते आणि मलाही तो नियम पटत नाही, पण दावा लावण्यापूर्वी तो माहीत असलेला बरा.

मूल स्वतःच चुकले, असे समोरची विमा कंपनी हमखास म्हणते. न्यायालय मुलाच्या वागण्याची तुलना प्रौढाशी करत नाही; त्या वयाच्या, तेवढ्या समजुतीच्या मुलाकडून किती सावधपणाची अपेक्षा ठेवता येईल, एवढेच पाहते. बिगरपरवाना आत शिरलेल्या मुलांबद्दलही आयरिश न्यायालयांनी पूर्वीच माणुसकीची भूमिका घेतली आहे. विजेच्या उपकेंद्रात चढून भाजलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात, जो मॅकनमारा विरुद्ध इलेक्ट्रिसिटी सप्लाय बोर्ड या नावाने ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकात असे ठरवले की मुले तिथे येतील याची कल्पना असणाऱ्याला केवळ ‘ती अतिक्रमण करत होती’ एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत. जागेच्या मालकाची जबाबदारी आता मुख्यतः १९९५ च्या ऑक्युपायर्स लायबिलिटी कायद्यावरून ठरते आणि २०२३ मधल्या दुरुस्तीने ती मालकांच्या बाजूने काहीशी सैल झाली आहे, हेही लक्षात ठेवावे.

मुलाच्या वतीने कोणी उभे राहायचे

मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्या प्रौढ व्यक्तीला इथे ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात. आपल्याकडच्या न्यायालयीन मराठीत तिला वादमित्र म्हणतात. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे जसे ‘अ. पा. क.’ लिहून पालनकर्त्याचे नाव येते, तशीच ही भूमिका समजावी: मालकी मुलाची, सही मोठ्यांची. बहुधा आई किंवा वडील हे काम करतात. मात्र वडील गाडी चालवत होते आणि त्यांच्याच चुकीने मागच्या सीटवरच्या मुलाला लागले, तर दावा वडिलांविरुद्ध म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या विमा कंपनीविरुद्ध जातो. अशा वेळी वडील वादमित्र होऊ शकत नाहीत, आईने किंवा दुसऱ्या विश्वासू प्रौढाने ते व्हावे. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध कागद करायचा या कल्पनेने अनेक जणी मागे हटतात. परंतु सक्तीचा मोटार विमा प्रवाशांसाठीही असतो आणि त्या प्रवाशांत घरचे मूलही येते. दुसऱ्या गाडीशी धडक होऊन चूक दोन्ही चालकांची असली, तरी वडिलांची चूक मुलाच्या माथी मारून त्याची रक्कम कमी केली जात नाही. फक्त वडिलांनाही प्रतिवादी म्हणून ओढले जाऊ शकते.

दावा हरल्यास समोरच्याचा न्यायालयीन खर्च वादमित्रावर पडू शकतो, आणि ही गोष्ट सॉलिसिटरला म्हणजे दाव्याचे काम पाहणाऱ्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारली पाहिजे. आयर्लंडमध्ये मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवून घेण्यास अशा दाव्यांत मनाई आहे आणि २०१५ च्या लीगल सर्व्हिसेस रेग्युलेशन कायद्यानुसार सॉलिसिटरने खर्चाची लेखी माहिती द्यावी लागते. ‘जिंकलो तरच फी’ असा करार झाला तरी वैद्यकीय अहवाल, तज्ज्ञांची फी आणि विरुद्ध पक्षाचा खर्च त्यात येतो का, हे लेखी घ्यावे. सल्ल्याची प्राथमिक सोय सिटिझन्स इन्फर्मेशन केंद्रांत आणि एफ.एल.ए.सी. या मोफत कायदेविषयक माहिती देणाऱ्या संस्थेत होते.

मुदत: मुलाला सवलत, पालकांना नाही

दुखापतीच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षे आहे. मुलाच्या बाबतीत ती अठराव्या वाढदिवसापासून मोजली जाते, म्हणजे विसाव्या वाढदिवसापर्यंत दावा लावता येतो. मात्र त्याच अपघातात आईलाही लागले असेल तर तिच्या दाव्याला मुलाचे वय उपयोगी पडत नाही. तिची दोन वर्षे अपघातापासून, किंवा इजेची जाणीव नंतर झाली असल्यास त्या जाणिवेपासून, सुरू होतात. याशिवाय जबाबदार पक्षाला एका महिन्यात लेखी नोटीस पाठवण्याची अपेक्षा कायद्यात आहे, आणि सबळ कारणाशिवाय उशीर झाल्यास न्यायालय दाव्याचा खर्च ठरवताना तो उशीर विचारात घेऊ शकते.

विमानप्रवासाची गोष्ट निराळी आहे आणि मुंबईला ये-जा करणाऱ्या कुटुंबांनी ती अवश्य ध्यानात घ्यावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणात झालेल्या इजेला माँट्रियल करार लागू होतो. त्यातली दोन वर्षांची मुदत काटेकोर आहे आणि मुलाच्या वयामुळे ती लांबेल असे गृहीत धरू नये. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने वडिलांच्या समोरच्या ट्रेवरून गरम कॉफी सांडून भाजलेल्या एका लहान मुलीच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की असा प्रसंगही करारातला ‘अपघात’ ठरतो; तो उड्डाणाशी निगडित धोक्यातून घडला हे दाखवण्याची गरज नाही.

मुदत लांब आहे म्हणून दावा थांबवावा का? माझे स्पष्ट मत आहे, की दावा मिटवण्याची घाई करू नये, पण पुरावा गोळा करून तो सुरू करण्यात दिरंगाईही करू नये. साक्षीदार शिक्षिका दुसऱ्या शाळेत जातात, घरमालक बदलतात, आपण स्वतः परत पुण्याला जातो. दुसरीकडे चेहऱ्यावरचा व्रण स्थिर व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, दुधाच्या दाताला लागलेल्या माराचा परिणाम कायमचा दात येईपर्यंत कळत नाही आणि हाडाच्या वाढत्या टोकाजवळच्या फ्रॅक्चरमुळे पुढे हात-पाय वाकडा किंवा आखूड वाढतो का, हे अस्थितज्ज्ञ काही वर्षे पाहत राहतात. एकदा तडजोड मंजूर झाली की ती अंतिम असते. नंतर त्रास वाढला म्हणून पुन्हा मागता येत नाही.

बोर्डाकडे अर्ज

महाराष्ट्रात रस्ते अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. आयर्लंडमध्ये रस्ता, शाळा, दुकान, मैदान असे जवळपास सगळे दावे न्यायालयात जाण्यापूर्वी इन्जुरीज रिझोल्यूशन बोर्डाकडे न्यावे लागतात. २००४ पासून काम करणाऱ्या या संस्थेचे हे नाव २०२३ मध्ये आले. अर्जासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा अहवाल आणि फी जोडावी लागते. ऑनलाइन अर्जाची फी ४५ युरो, तर टपालाने पाठवल्यास ती ९० युरो आहे. आवश्यक कागद अपुरे असतील तर अर्ज पूर्ण धरला जात नाही आणि मुदतीचे घड्याळही थांबत नाही.

समोरच्या पक्षाला मूल्यमापनास संमती देण्यासाठी ९० दिवस मिळतात. संमती मिळाल्यावर बोर्ड साधारण नऊ महिन्यांत रक्कम ठरवते. इजा अजून स्थिरावली नसेल तर हा काळ वाढू शकतो. रकमेचा आधार म्हणजे २४ एप्रिल २०२१ पासून लागू असलेली न्यायिक परिषदेची दुखापत मार्गदर्शक तत्त्वे. त्यांत प्रत्येक प्रकारच्या इजेसाठी किमान-कमाल आकडे दिलेले असून सर्वांत गंभीर इजेसाठी वेदनेच्या भरपाईची कमाल रक्कम सुमारे साडेपाच लाख युरो आहे; उपचारांचा आणि भावी संगोपनाचा खर्च त्यावेगळा. ठरलेल्या रकमेवर दावा करणाऱ्याला २८ दिवसांत उत्तर द्यावे लागते. रक्कम नाकारली किंवा समोरच्याने आधीच संमती दिली नाही, तर बोर्ड न्यायालयात जाण्याचे अधिकारपत्र देते. त्यानंतर १५,००० युरोंपर्यंतचा दावा डिस्ट्रिक्ट कोर्टात, ६०,००० पर्यंतचा सर्किट कोर्टात आणि त्यावरचा हायकोर्टात चालतो.

वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे बोर्डाकडे जात नाहीत. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला इजा झाल्याची प्रकरणे थेट न्यायालयात, तज्ज्ञाचा अहवाल हाती आल्यावरच लावली जातात आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या बाजूने ती स्टेट क्लेम्स एजन्सी ही सरकारी संस्था हाताळते. अशा मुलांना आयुष्यभर काळजी लागते. २०१७ च्या कायद्याने त्यासाठी वार्षिक हप्त्यांची सोय केली, पण हप्त्यांची वाढ ग्राहक किमतींच्या निर्देशांकाला बांधल्यामुळे आणि काळजीवाहकांचे पगार त्याहून वेगाने वाढत असल्यामुळे ती सोय फारशी वापरली गेली नाही. या प्रकारचा दावा या क्षेत्रात मुरलेल्या सॉलिसिटरशिवाय हाती घेऊ नये.

अतिशयोक्ती कधीही करू नये. न्यायालयात दाव्यातील मजकुराची शपथपत्रावर खात्री द्यावी लागते आणि जाणूनबुजून खोटा किंवा दिशाभूल करणारा पुरावा दिल्यास खरा असलेला भागही फेटाळला जाऊ शकतो.

न्यायाधीशांची मान्यता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, पण मुलाच्या दाव्यात ती पायरी मुलाच्याच रक्षणासाठी बांधलेली आहे. बोर्डाची रक्कम दोन्ही बाजूंनी स्वीकारली किंवा विमा कंपनीशी आपसात ठरले, तरी न्यायाधीशांनी मान्य करेपर्यंत ती बंधनकारक होत नाही. या छोट्या सुनावणीत बॅरिस्टर म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारे वकील वैद्यकीय अहवाल मांडतात, ही रक्कम योग्य का वाटते ते सांगतात आणि न्यायाधीश वादमित्राचे मतही विचारतात. व्रणाचे प्रकरण असेल तर मुलाला जवळ बोलावून व्रण प्रत्यक्ष पाहिला जातो. म्हणून मुलाला आधी समजावून ठेवावे की कोणी रागावणार नाही, फक्त कपाळ किंवा हात दाखवायचा आहे. रक्कम कमी वाटली तर न्यायाधीश मान्यता नाकारतात आणि दावा पुढे चालू राहतो. विमा कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन ‘हे पैसे घ्या आणि सही करा’ म्हणाला, तर सही करू नये.

संरक्षणाची दुसरी बाजू

आयरिश संविधानात २०१२ च्या जनमतातून आलेले कलम ४२ अ मुलांचे हक्क स्वतंत्रपणे मान्य करते, आणि हा कायदा पालकांपासूनही मुलाचे रक्षण करतो. शिस्तीसाठी ‘वाजवी’ मार हा पूर्वीचा बचाव डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाला. चापट मारणेही इथे कायद्याला मान्य नाही. मुलाला इजा पोहोचवली जात असल्याचा गंभीर संशय आल्यास तो टुस्ला या बाल व कुटुंब संस्थेला कळवण्याचे कायदेशीर बंधन शिक्षक, डॉक्टर, क्रेशचालक यांच्यावर डिसेंबर २०१७ पासून आहे. रुग्णालयात डॉक्टरांनी इजा कशी झाली हे पुन्हा पुन्हा विचारले, तर त्यात अपमान मानू नये. शांतपणे, दर वेळी तेच खरे उत्तर द्यावे. आणि शाळेत, शिकवणीत किंवा नातलगाच्या घरी मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर घराण्याचे नाव जाईल म्हणून गप्प न बसता टुस्ला किंवा गार्डाकडे जावे. अशा इजेचा भरपाईचा दावाही करता येतो.

पैसे आणि कागद

मान्य झालेली भरपाई न्यायालयात जमा होते आणि न्यायालयांच्या अकाउंटंटच्या कार्यालयामार्फत मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत गुंतवली जाते. मध्ये शिक्षण किंवा उपचार यांसाठी त्यातला भाग हवा असल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि तो खर्च मुलाच्या हिताचा आहे हे दाखवावे लागते. घराच्या हप्त्यासाठी ते पैसे मिळत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाने स्वतः ओळख आणि जन्मतारखेचे पुरावे देऊन रक्कम घ्यायची असते. कुटुंब त्याआधी भारतात परतले तर पत्ता बदलल्याचे त्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि मान्यतेच्या आदेशाची प्रत, खटल्याचा क्रमांक हे मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवावे. आपल्या मुलांच्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते. ते पासपोर्टवर असते, शाळेच्या पटावर नसते आणि सरकारी सेवांसाठीच्या पीपीएस या ओळखक्रमांकाच्या नोंदीत कधी आडनावालाच चिकटलेले असते. अर्ज करतानाच सर्व कागदांवर पासपोर्टप्रमाणे एकच नाव आणि एकच स्पेलिंग लावून घ्यावे, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी पैसे मागायला गेलेल्या त्या तरुणाला आपण तोच आहोत हे सिद्ध करत बसावे लागणार नाही.